उजवा पाय वेगळा

७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. इथे 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, पण ही विनंती नाही, तक्रार आहे. तेव्हा रीत बाजूला ठेवते. आम्ही दोघं ठीक. तुम्हीही असाल.

फोन तुम्ही उचलत नाही. मेल करायचा, तर कारखान्यातला कॉम्प्युटर काउंटरवर सताड उघडा असतो आणि घरचे-दारचे सगळे त्यात डोकावतात. म्हणून कागद. प्रोग्रॅममधल्या चुका टपालाने विचारणारी जगात मी पहिलीच असेन. हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग पुढे वाचा.

तुम्ही जोड्यांच्या ऑर्डरींसाठी लिहून दिलेला प्रोग्रॅम दहा वर्षं मुकाट चालला. गेल्या महिन्यात सर्व्हरवाल्याने, प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे त्या पीएचपीची नवी आवृत्ती चढवली. मला विचारलं नाही. 'कळवलं होतं, मॅडम,' असं फोनवर म्हणाला, आणि 'कोड जुना आहे तुमचा,' हे वर. तेव्हापासून कुठलीही ऑर्डर उघडावी तर आधी अर्धं पान सूचनांचं आणि त्यांच्या खाली दबलेलं बिचारं गिऱ्हाईक.

तुम्ही इथे ठेवून गेलेलं पुस्तक काढून बसले. गणितात पदवी घेतली तेव्हा आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर एकच होता आणि तो काचेआड होता. पण डोकं अजून गंजलेलं नाही. एक ऑर्डर म्हणजे एक ऑब्जेक्ट. तिच्या पोटात गिऱ्हाईक, डावं पाऊल, उजवं पाऊल. पावलाच्या पोटात लांबी, रुंदी आणि तळ. तळाच्या पोटात उंची. ज्याच्या पोटात जे असेल ती त्याची प्रॉपर्टी. इथवर कळलं. नावं तुम्ही मराठीत ठेवलीत ती माझ्यासाठी, हे तेव्हाही कळलं होतं. बोलले नाही, इतकंच.

आता तुमचे पराक्रम. क्लासमध्ये, म्हणजे ऑर्डरीच्या साच्यात, आधी जाहीर न करता तुम्ही वाटेत सुचेल तिथे नव्या प्रॉपर्टी चिकटवल्या आहेत. 'शेरा' एकीकडे, 'घाई' दुसरीकडे. जुनी पीएचपी खपवून घ्यायची. नवी म्हणते, आधी दारात नाव सांगा, मग आत या. मला तिचं पटतं. सगळी नावं क्लासच्या डोक्यावर एकाखाली एक लिहिली आणि त्या सूचना गेल्या. मग तळाची उंची तपासायला गेले, तर 'ही प्रॉपर्टी खासगी आहे' म्हणून प्रोग्रॅम जागच्या जागी आडवा. घरच्याच माणसाच्या तोंडावर दार लावायची सवय तुमच्या माहेरचीच. उंची विचारायला तुम्ही वेगळं फंक्शन लिहिलं आहे, ते शोधण्यात माझी एक दुपार गेली.

तिसरी सूचना 'तपासणारा' या प्रॉपर्टीची. जोडा तयार झाला की तुमचे बंधुराज तो हातात फिरवून बघतात आणि कॉम्प्युटरवर खूण करतात. तेवढंच काय ते त्यांनी तुमच्या प्रोग्रॅमचं ऐकलं. हल्लीच्या ऑर्डरींत ती खूण नाही. राहून जाते. मग 'तपासणारा' रिकामा, आणि प्रोग्रॅम त्या रिकाम्या जागेला नाव विचारतो आणि बोंब मारतो. मी त्या ओळीत बाणाच्या खुणेआधी एक प्रश्नचिन्ह घातलं. आता कोणी नसलं तरी तो गप्प राहतो. पुस्तकात दिलेला उपाय आहे, माझ्या मनचा नाही.

एवढं करून खरी चूक आहे तिथेच आहे. ग्रंथपालबाई आठवतात ना? उजवा पाय जन्मापासून दोन सेंटिमीटर आखूड. आपल्याकडून उजव्या तळाला उंची दिलेला जोडा नेतात. परवा नवा जोडा घालून इकडून तिकडे चालल्या, थांबल्या आणि म्हणाल्या,

"काकू, मी उंच झाले."

"शोभतं की."

"शोभतं हो. पण लंगडते तेवढीच."

दोन्ही तळांना उंची! वाकून बघितलं आणि मला घाम फुटला. बाई हसत होत्या. मला हसू आलं नाही, कारण त्या ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या मोजणीला फाटका जुना जोडा घालून परत गेल्या. दिवसभर शिडीवर चढउतार.

ह्यांना विचारलं. जोडा उलटासुलटा केला आणि म्हणाले, "कागदावर असंच होतं." प्रोग्रॅममधून छापलेला कागद काढून बघितला. खरंच तसंच होतं. म्हणजे चूक कागदाची, कागद प्रोग्रॅमचा आणि प्रोग्रॅम तुमचा. माझ्या मते नव्या आवृत्तीने आतमध्ये काहीतरी उलथंपालथं केलं आहे. तुम्ही चाचणीसाठी स्वतःलाच पहिलं गिऱ्हाईक केलं होतंत. तुमचे दोन्ही पाय सारखे, म्हणून तुम्हाला सगळं बरोबर दिसलं. आमच्याकडे सारख्या पायांची माणसं येत नाहीत.

कुठे काय दुरुस्त करायचं ते लिहा. लवकर लिहा. दुसऱ्या कोणाकडून करून घ्या असं सुचवू नका.

तुमची
वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. चार ओळी. तुमचं पत्र आणि तुमच्या प्रोग्रॅमच्या सूचना यांत फरक एवढाच, की पत्राखाली सही आहे.

नव्या आवृत्तीचा दोष नाही, कन्स्ट्रक्टर बघा, असं लिहिलंत. बघितला. ऑर्डर जन्माला येते तिथेच ही ओळ सापडली:

$this->उजवा = $this->डावा;

वर तुमचा शेरा, 'उजवा नंतर बदलेल'. मला वाटलं, डाव्याची नक्कल उजव्याला दिली, चांगलंच आहे, मापं भरताना बदलतील. मग पुस्तकात वाचलं. ऑब्जेक्ट असं दिलं की नक्कल होत नाही. पाऊल एकच राहतं आणि त्याला दोन नावं मिळतात. डावा म्हणून हाक मारा की उजवा म्हणून, ओ देणारा तोच.

मग बसून खोट्या ऑर्डरी भरल्या. आधी डाव्याचं माप भरायचं, मग उजव्याचं. शेवटी जो भरला तो खरा, आधीचा पुसला. उजवा पाय आखूड असला तर दोन्ही तळ उंच. डावा आखूड असला तर दोन्ही सपाट. ग्रंथपालबाईंचं कोडं सुटलं. स्वतःच्या कपाळावर हात मारावा की तुमच्या, हे ठरेना.

तुम्हाला विचारत बसण्यापेक्षा आपणच दुरुस्त करू म्हटलं. उजव्याला डाव्याचा क्लोन, म्हणजे खरीखुरी नक्कल, दिला. लांबी वेगळी झाली, रुंदी वेगळी झाली. मी खुर्चीत मागे टेकले. उंची टाकली, तर ती पुन्हा दोन्हीकडे! क्लोन केलं की वरचं पाऊल तेवढं वेगळं होतं, पोटातला तळ दोघांत एकच राहतो, हे पुस्तकाने पुढच्या पानावर सांगितलं आहे. पुढच्या पानावर! दोन जावांनी चुली वेगळ्या मांडल्या आणि पाण्याचा नळ एकच ठेवला, तशातली गत. आता प्रत्येक पावलाला क्लोन होताना तळही वेगळा करायला शिकवायचं म्हणे. कसं, ते लिहा. मी चिडले आहे आणि चिडून कोड लिहू नये एवढं मला कळतं.

जुन्या ऑर्डरींत तर डाव्या पायांची मापं राहिलेलीच नाहीत. उजव्याने पुसून टाकली. म्हणून भिंतीवरचे लाकडी फर्मे उतरवले. प्रत्येक गिऱ्हाईकाच्या पायाचा फर्मा, त्यावर ह्यांनी चिकटवलेली चामड्याची ठिगळं, कुठे टाचेला, कुठे अंगठ्याच्या मुळाशी. टेप घेऊन एकेक मोजते आहे आणि डाव्या पायांची मापं वहीत लिहून ठेवते आहे, प्रोग्रॅम सुधारला की भरायला. धुळीने नाक चोंदलं आहे. फर्मे सगळे बरोबर आहेत. एकही चुकलेला नाही.

तुमची शेवटची ओळ. 'ही चूक पहिल्या दिवसापासून आहे. मग दहा वर्षं जोडे बरोबर कसे गेले?'

तुम्हाला ठाऊक आहे कसे गेले. कागद छापून कामाच्या पाटावर जायचा आणि त्याने गोंदाचे हात पुसले जायचे. मी भरलेलं मी पुन्हा वाचत नव्हते, आणि ज्याच्यासाठी छापत होतो तो वाचत नव्हता. तसल्याच एका कागदाचा बोळा हातात धरून तुम्ही त्या दिवशी पाटासमोर उभ्या राहिला होतात. मी दारात होते, दोन गिऱ्हाइकं बाकावर होती. तुम्ही म्हणालात, "एक दिवस कागदच लागेल, दादा." आणि हे हातातल्या रापीने कातडं कापता कापता म्हणाले, "ज्या दिवशी मला कागद लागेल, त्या दिवशी मी रापी खाली ठेवीन. पाय हातात धरल्याशिवाय जोडा होत नाही. तू तुझी यंत्रं सांभाळ." तुम्ही पिशवी उचलली. मी चहा टाकला होता, तो तसाच राहिला.

तर त्या वेळी ते कागद बघत नव्हते. आता बघतात. एवढंच उत्तर आहे.

क्लोनचं लवकर लिहा. ग्रंथपालबाईंचा जोडा अडून राहिला आहे.

तुमची
वहिनी


१५ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचा उपाय लागू पडला. 'क्लोन नको. नक्कल करूच नका. दोन्ही पावलं वेगवेगळी नवी करा.' बस! डाव्याला 'न्यू', उजव्यालाही 'न्यू', आणि प्रत्येक नवं पाऊल येताना आपला तळ घेऊन येतं. एक ओळ बदलायची होती, आणि मी क्लोनच्या नादात तीन आठवडे घालवले. खोट्या ऑर्डरी भरल्या, खऱ्या भरल्या. डावा डाव्याच्या जागी, उजवा उजव्याच्या. आता कागद बरोबर छापतो.

ग्रंथपालबाई जोडा घेऊन गेल्या. चालून बघितलं आणि म्हणाल्या, "बुटकी झाले पुन्हा. बरं वाटलं."

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला, घाईत लिहिल्यासारखं, 'दादा बरा आहे का?' असं आहे. पहिल्या पत्रात मी 'ठीक' लिहिलं होतं. दुसऱ्यात काहीच लिहिलं नाही. तुमचा प्रश्न पाकीट बंद करता करता सुचला असेल, पण मी तो आधी वाचला.

बरे नाहीत. विसरतात. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं आहे, गोळ्या दिल्या आहेत, आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं आहे. चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही. मला त्याचा राग येतो.

सुरुवात कशाने झाली ते सांगता येणार नाही. चष्मा, किल्ली हे सगळ्यांचंच होतं. पण ग्रंथपालबाईंचा पाय ह्यांनी स्वतः मांडीवर घेतला होता. टाच तळहातात धरली, बाईंशी गप्पा मारल्या, "हा दोन सेंटिमीटर खट्याळ आहे," असं नेहमीसारखं म्हणाले. मी समोर बसून मापं भरत होते. आणि आठवड्याने कागद बघून दोन्ही तळ उंच केले. मी जोडा पुढे धरला तेव्हा ते म्हणाले, "कागदावर असंच होतं." वन्सं, ज्या माणसाने आयुष्यात कागदाला गोंद पुसण्यापलीकडे किंमत दिली नाही, तो मला कागदाची साक्ष काढून दाखवत होता. म्हणून मी पीएचपीच्या मागे लागले. चूक तिथे सापडली तर इथे नसेल, असं मला वाटत होतं. चूक सापडली, आणि ती दहा वर्षं जुनी निघाली. दहा वर्षं तुमची चूक रोज ह्यांच्या हातांनी भरून काढली आणि कोणाला कळलं नाही, त्यांनाही नाही.

हात शाबूत आहेत. कातडं कापताना, टाका घालताना बघितलंत तर काही बदललं म्हणणार नाही. पाय हातात असेपर्यंत सगळं कळतं. गिऱ्हाईक दाराबाहेर गेलं की पायही जातो. मग कागद लागतो, आणि कागदावर असेल तसा जोडा होतो. म्हणून कागद चुकून चालणार नाही. रापी त्यांनी खाली ठेवलेली नाही, कारण तसं म्हटल्याचं त्यांना आठवत नाही. मी आठवण करून देणार नाही. तुम्हीही देऊ नका.

भांडणही आठवत नाही. परवा जेवताना विचारलं, "धाकटी कुठे आहे? अजून आली नाही?" मी म्हटलं, "येईल." काय सांगणार? ते भांडण आता तुमच्या-माझ्याकडेच उरलं आहे. मला ते सांभाळायचा कंटाळा आला आहे.

आणखी एक. ह्या आठवड्यात एका माणसाचा जोडा द्यायचा होता. कागद पाटावर ठेवला, वजन ठेवून. संध्याकाळी बघते तर कागद तसाच, आणि हे भलताच बायकी जोडा शिवत बसलेले. मी भडकले. कातडं वाया, दिवस वाया, गिऱ्हाईक उद्या दारात.

"हा कोणाचा?" मी म्हटलं.

"धाकटीचा."

"कागद कुठे आहे ह्याचा?"

"तिला कागद कशाला?" असं म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही विसरायचं काम मीच करते.

तुमचा फर्मा भिंतीवर नाही, कधीच नव्हता. प्रोग्रॅममध्ये तुमच्या चाचणीच्या ऑर्डरीत दोन्ही पाय सारखे आहेत. जोड्याचे सारखे नाहीत. उजवा करंगळीपाशी बाहेरून सैल ठेवला आहे आणि आतून मऊ पट्टी लावली आहे. मी विचारलं तर म्हणाले, "कुंपणावरून पडली होती ना. मीच चढवली होती. ती करंगळी वाकडीच बसली. ती सांगत नाही कोणाला, पण उजवा जोडा नेहमी आधी काढते." मी तुम्हाला एवढी वर्षं बघते आहे. मला माहीत नव्हतं. सारख्या पायांची म्हणून पहिल्या पत्रात टोमणा मारला तो मागे घेते.

'तपासणारा' पुढचं प्रश्नचिन्ह मी काढून टाकलं आहे. रिकामं राहिलं तर प्रोग्रॅमने ओरडलंच पाहिजे. तिथे आता माझं नाव जातं. प्रत्येक जोडा कागदाशी ताडते, फर्म्याशी ताडते, मग खूण करते. ह्यांना वाटतं मी उगाच लुडबुड करते. वाटू दे.

तुमचा जोडा मात्र तपासलेला नाही. त्याचा कागद नाही, फर्मा नाही, ताडू कशाशी? तो पाठवणार नाही. पाय हातात धरल्याशिवाय जोडा झाला असं म्हणायचं नाही, हे तुमच्याच दादाचं म्हणणं. आणि पाय हातात धरला की त्यांना अजून सगळं कळतं. ते 'अजून' किती दिवसांचं, हे डॉक्टरही सांगत नाहीत. जोडा पाटाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आहे. रोज सकाळी हे त्यावरची धूळ पुसतात आणि दाराकडे बघतात.

या. चहा मी पुन्हा टाकीन.

तुमची, आणि तुमचा एक जोडा सोडून बाकी सगळ्यांची तपासणारी,
वहिनी